हा दिवा कुठला? कुलेन ते कोस्टेर, स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरची दीपगृहं

शेवंती | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

गोथेनबर्गला राहायला आल्यापासून सुट्टी मिळाली की मी इथली दीपगृहं बघत फिरते. दक्षिणेला स्कोनेमधल्या कुलेनच्या डोंगरापासून वर नॉर्वेच्या सीमेजवळच्या कोस्टेर बेटांपर्यंतचा हा पट्टा सरळ रेषेत मोजला तर साधारण ३०० किलोमीटर भरतो. खालचा हालांडचा किनारा बराचसा सपाट आणि वाळूचा. गोथेनबर्ग ओलांडून वर बोहुसलेनमध्ये शिरलं की सगळं ग्रॅनाइट, हजारो बेटं आणि पाण्याखाली लपलेले खडक. बाल्टिकमध्ये शिरणारी आणि तिथून बाहेर पडणारी जहाजं शतकानुशतकं याच पाण्यातून ये-जा करत आली.

या दीपगृहांचे फोटो जालावर ढिगाने सापडतात. पण ती इथेच का, अशीच का, एका बेटावर दोन दोन मनोरे का, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच मांडते. अंधारात दिवा दिसला म्हणजे काम झालं असं आपल्याला वाटतं. पण दिसलेला दिवा नक्की कुठला, हे कळलं नाही तर तो दिवा अंधारापेक्षाही घातक, कारण त्याच्यावर भरवसा ठेवून नाखवा जहाज वळवतो. या किनाऱ्यावर गेली चारशे वर्षं जे काही बांधलं गेलं, त्यातलं बरंचसं या एका प्रश्नाचं उत्तर शोधताना बांधलं गेलं.

सुरुवात कुलेनपासून. हा सगळा भाग तेव्हा डेन्मार्कच्या राज्यात होता. १५६०-६१च्या सुमारास राजा दुसरा फ्रेडरिक याच्या हुकमाने काटेगाटच्या, म्हणजे डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधल्या समुद्राच्या वाटेवर तीन ठिकाणी रात्रीचे दिवे सुरू झाले: डेन्मार्कच्या उत्तर टोकाला स्कागेन, समुद्राच्या मध्यात आनहोल्ट बेट आणि एरेसुंड सामुद्रधुनीच्या तोंडाशी कुलेन. पुढे हे दिवे म्हणजे उघड्यावर पेटवलेले जाळच असत. लांबून बघितलं तर जाळ तो जाळ, स्कागेनचा काय आणि आनहोल्टचा काय, दिसायला एकच.

त्यामुळे १६२४मध्ये हालांडच्या किनाऱ्याजवळच्या निडिंगेन या सपाट, धोकादायक बेटावर दिवा लावायची वेळ आली तेव्हा राजा चौथा ख्रिश्चन याच्या लोकांनी तिथे एकाऐवजी दोन जाळ लावले. शेजारी शेजारी दोन दिवे दिसले की ते निडिंगेन, दुसरं काही असूच शकत नाही. हे जगातलं पहिलं जोडदीपगृह मानलं जातं. तिथे आज उभे असलेले दगडी जुळे मनोरे १८३२चे आहेत आणि त्यांच्या जवळ १९४६चा नवा काँक्रीटचा मनोरा आहे. दोन्ही काळ एकाच नजरेत मावतात. हे बेट पक्ष्यांसाठीही नावाजलेलं आहे. किटीवेक नावाचा समुद्रपक्षी तिथे वसाहत करून राहतो.

दुसरं उत्तर मारस्ट्रांडला सापडलं. तिथल्या कार्लस्टेन किल्ल्याच्या बुरुजावर १७८१मध्ये योनास नोर्बेरी या माणसाने घड्याळाच्या यंत्रावर फिरणारा दिवा बसवला. आरसे फिरत राहायचे, त्यामुळे समुद्रावरून बघणाऱ्याला दिवा ठरावीक वेळाने उजळायचा आणि मंदावायचा. यंत्राने फिरणारा हा जगातला पहिला दिवा समजतात. त्या काळात बोहुसलेनच्या किनाऱ्यावर हेरिंग मासा अमाप येत होता, माणसांची आणि गलबतांची प्रचंड गर्दी होती, आणि मारस्ट्रांड तर खुलं, म्हणजे जकात न लागणारं, बंदर होतं. दिव्याची गरज किती असेल बघा.

एकाने ओळख दिली आकड्याने, दुसऱ्याने वेळेने. जगात पुढे वेळेची पद्धत टिकली. विंगा, पाटेर नोस्टेर आणि उर्शोल्मेनबद्दल पुढच्या प्रतिसादांत लिहिते. कुणी तिकडे जहाजावर गेलं असेल तर जरूर लिहा, मला किनाऱ्यावरूनच माहिती आहे.

---

हर्णैकर | शनिवार, रात्री ११:१५

शेवंतीताई, उत्तम विषय. मी मर्चंट नेव्हीत होतो, आता निवृत्त. काटेगाटमधून बऱ्याच वेळा गेलो आहे.

तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा. आम्ही ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, नवीन पोरांना पहिली गोष्ट हीच शिकवायचो की दिवा दिसला म्हणून आनंद मानू नकोस, आधी त्याचं कॅरॅक्टर मोज. म्हणजे किती सेकंदांनी लुकलुकतो, एकदा की दोनदा, रंग कुठला. स्टॉपवॉच हातात घ्यायचं, दोन-तीन फेऱ्या मोजायच्या, चार्टवर लिहिलेल्याशी जुळवायचं आणि मगच त्याचं बेअरिंग, म्हणजे होकायंत्रावरची दिशा, घ्यायचं. कुलेनचा पांढरा झोत दर ५ सेकंदांनी येतो. स्वीडनमधला सर्वांत जोरदार दिवा तो. उत्तरेकडून एरेसुंडकडे उतरताना स्वच्छ हवेत आधी दिवा दिसतच नाही, आभाळाच्या कडेवर त्याची झळक फिरताना दिसते. मग बऱ्याच वेळाने प्रत्यक्ष दिवा क्षितिजावर येतो. थंडीच्या रात्री चार तासांच्या वॉचमध्ये, म्हणजे पहाऱ्यात, ती झळक दिसली की पुढचा हिशोब मनात लागायला लागतो.

काटेगाट नकाशावर लहान दिसतो, पण तो उथळ आहे आणि रहदारी भयंकर. खोल बुडणारी मोठी जहाजं डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट सामुद्रधुनीतून जातात, कारण एरेसुंडमध्ये कोपनहेगनजवळ खोली जेमतेम ८ मीटर. १ जुलै २०२० पासून काटेगाटमध्ये नवे मार्ग आखले आहेत. स्वीडनच्या किनाऱ्याच्या बाजूने जाणारा आणि एरेसुंडला पोचणारा तो रूट एस. आता यायची आणि जायची जहाजं बरीच वेगळी झाली. पूर्वी समोरासमोर येणाऱ्यांची गाठ जास्त पडायची.

शिवाय बेटांच्या आतल्या वाटांवर छोटी छोटी दीपगृहं असतात, त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. त्यांना सेक्टर लाईट असतो. एकाच दिव्याला रंगीत काचा अशा लावलेल्या की ठरावीक कोनातून बघितलं तर पांढरा, बाजूला सरकलं तर लाल किंवा हिरवा. पांढरा दिसतोय तोवर वाट बरोबर. रंग बदलला की वाट सुटली, आणि कुठला रंग आला यावरून कुठल्या अंगाला सरकलो तेही कळतं. बोहुसलेनमधल्या खडकांतून रात्री जायचं तर एका दिव्याच्या पांढऱ्या पट्ट्यातून दुसऱ्याच्या पांढऱ्या पट्ट्यात, असं जावं लागतं. तिथे ‘मी कोण’ सांगून भागत नाही, ‘तू कुठे आहेस’ हेही दिवाच सांगतो.

---

गणूमास्तर | रविवार, सकाळी ७:०५

हर्णैकर, कुलेनचं दिवा दिसण्याचं अंतर आम्ही नववीच्या मुलांना करायला द्यावं असं उदाहरण आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे दिवा किती लांबून दिसेल ते दोन उंचींवर ठरतं: दिव्याची आणि बघणाऱ्याच्या डोळ्याची. दोन्हींची वर्गमुळं मीटरमध्ये काढायची, बेरीज करायची आणि २.०८ने गुणायचं. उत्तर सागरी मैलांत येतं.

कुलेनचा दिवा समुद्रसपाटीपासून साधारण ७८ मीटरवर आहे. त्याचं वर्गमूळ ८.८३. जहाजाच्या ब्रिजवरची नजर २० मीटरवर धरली तर ४.४७. बेरीज १३.३, गुणाकार २७.७ सागरी मैल, म्हणजे ५१ किलोमीटर. छोट्या मासेमारी होडीवरून, नजर ४ मीटरवर धरली, तर २२.५ मैल. याच्या पलीकडे कितीही प्रखर दिवा लावला तरी तो थेट दिसायचा नाही, फक्त झळक दिसेल.

आणि म्हणूनच कुलेनचा मनोरा केवळ १५ मीटरचा आहे. बाकीची उंची डोंगराने दिली. त्या मानाने हालांडमधलं मोरुप्स टोंगे सपाट भुईवर आहे, तिथे १८४३ पासून पेटणारा मनोरा २८ मीटरच्या वर न्यावा लागला. फोटोत बुटका मनोरा बघून लोकांना वाटतं दिवा किरकोळ असेल. किनाऱ्याची उंची बघितल्याशिवाय मनोऱ्याची उंची समजत नाही.

---

रमणबाग | रविवार, दुपारी १२:३०

सुंदर चाललंय. इतिहासाच्या बाजूने थोडी भर, आणि एका मुद्द्यावर मतभेद.

ताई, ओळखीचा प्रश्न मान्य, पण मुळात दिवे लागले ते पैशामुळे. एरेसुंडमधून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला हेल्सिंगोरला थांबून डेन्मार्कच्या राजाला जकात द्यावी लागे. १४२९पासून १८५७पर्यंत ही जकात चालू होती आणि राजाच्या खजिन्याचा ती मोठा आधार होती. जहाजं बुडू लागली, व्यापारी तक्रारी करू लागले, तर जकात धोक्यात. तेव्हा वाटेवर उजेड करणं हे राजाच्या हिताचंच होतं. माझ्या मते दिवे लागले खजिन्यासाठी आणि ते ओळखता येण्यासारखे झाले खलाशांच्या अनुभवामुळे.

कुलेनच्या दिव्याची जबाबदारी काही काळ टायको ब्राहेकडे होती, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. तोच तो, दुर्बिणीच्या आधीच्या काळातला सर्वांत अचूक आकाशनिरीक्षक, ज्याच्या नोंदींवर केप्लरने आपले नियम बसवले. त्याला एरेसुंडमधलं ह्वेन बेट १५७६मध्ये वेधशाळेसाठी मिळालं आणि त्यानंतर लवकरच कुलेनची जहागीर मिळाली. जहागिरीची अट एकच: कुलेनचा दिवा पेटता ठेवायचा. तो कामात हयगय करतो अशा तक्रारी राजापर्यंत गेल्या आणि त्याला ताकीद मिळाली. ताऱ्यांच्या जागा मोजण्यात ज्याने आयुष्य घातलं, त्याच्या दिव्यावर खलाशी आपली जागा ठरवत होते, आणि दिवा वेळेवर पेटत नव्हता. मला हा प्रसंग इतिहासातला खरोखर दुःखाचा वाटतो, कारण न पेटलेल्या रात्री कोण बुडालं याची नोंद कुणाकडे राहिली नसणार.

१६५८च्या तहात स्कोने, हालांड आणि बोहुसलेन स्वीडनकडे आले. बोहुसलेन नॉर्वेचं होतं, पण नॉर्वेही तेव्हा डेन्मार्कच्याच राजाखाली. म्हणजे आज ज्याला आपण स्वीडनचा पश्चिम किनारा म्हणतो त्यातला बराचसा भाग निडिंगेनचे जाळ लागले तेव्हा स्वीडनचा नव्हताच.

---

हर्णैकर | रविवार, दुपारी २:१०

रमणबाग, त्या उघड्या जाळांबद्दल एक गोष्ट. सतराव्या शतकात या भागात लाकडाची एक तरफ वापरात आली. आपल्याकडे कोकणात विहिरीवर पाणी काढायची लाट असते ना, हुबेहूब तशी. एका टोकाला लोखंडी टोपली. ती खाली घेऊन कोळसा भरायचा, पेटवायचा आणि दुसऱ्या टोकाच्या वजनाने वर उचलून धरायची. स्कागेनला हिची आताच्या काळात बांधलेली प्रतिकृती आहे, ती मी बघितली आहे. वादळात, बर्फात, रात्रभर ती टोपली भरत राहणारे हात आठवले की आमची ब्रिजवरची वॉच फारच सुखाची वाटते.

---

तनया_म | रविवार, संध्याकाळी ६:२०

वाचनखूण साठवली आहे! मला त्या माणसांबद्दल वाचायला आवडेल. एवढ्याशा बेटावर कुटुंबं राहायची का? मुलांच्या शाळेचं काय?

---

शेवंती | रविवार, रात्री १०:००

रमणबाग, जकातीचा मुद्दा पटला. खजिना नसता तर पहिला जाळही पेटला नसता. पण निडिंगेनला दुसरा जाळ लावायचा म्हणजे कोळशाचा खर्च दुप्पट. तो खर्च राजाने सोसला तो ओळखीसाठीच, एवढं माझं म्हणणं कायम.

तनया, कुटुंबं राहायची. स्वीडनमध्ये मोठ्या दीपगृहावर साधारण तीन दर्जाचे लोक असत: मुख्य दीपपाल म्हणजे फीरमेस्तारे, त्याच्या हाताखाली फीरवाक्तारे आणि सर्वांत धाकटा मदतनीस फीरबित्रेदे. तिघांची घरं, गोठा, छोटी बाग, बोटीचा धक्का, एवढंच गाव. रात्र आळीपाळीने वाटून घ्यायची. दिवा तेलावर असेपर्यंत वात कापणं, काजळी पुसणं, भिंगं लख्ख ठेवणं, फिरणाऱ्या यंत्राचं वजन पुन्हा वर ओढणं, ही कामं सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत. भिंगावर बोटाचा ठसा राहिला तरी उजेड कमी होतो. आधी मोहरीच्या जातीच्या बियांचं तेल वापरत, पुढे रॉकेल आलं.

यातलं सर्वांत प्रसिद्ध घर विंगा बेटावर आहे, गोथेनबर्गच्या समुद्राकडच्या दारातच. स्वीडनचा लाडका कवी आणि गायक एव्हर्ट टोब तिथे वाढला. त्याचे वडील विंगाचे मुख्य दीपपाल होते. जन्म १८९०चा, आणि योगायोगाने विंगाचा आत्ताचा मनोराही १८९०चाच. मोठा झाल्यावर तो जहाजावर गेला, अर्जेंटिनात पाच वर्षं राहिला आणि परत येऊन त्याने गाणी लिहिली. त्या घरात आता त्याचं संग्रहालय आहे. खोल्या लहान, छत ठेंगणं, आणि खिडकीतून चारी बाजूंनी जहाजांची वाट दिसते. समुद्राची गाणी लिहिणाऱ्याला लहानपणी दुसरं काही बघायला नव्हतंच, हे तिथे उभं राहिलं की आपोआप पटतं.

विंगाची गोष्ट माझ्या मूळ मुद्द्याला फार जवळची आहे. पहिला मनोरा १८४१चा. मग किनाऱ्यावर इतर ठिकाणीही दिवे झाले, गोंधळ वाढला, म्हणून १८५४मध्ये शेजारी दुसरा मनोरा उभारून विंगाही जोडदीपगृह केलं. म्हणजे निडिंगेनचीच युक्ती दोनशे तीस वर्षांनी पुन्हा वापरली. १८९०मध्ये जोरदार दिव्याचा उंच मनोरा आल्यावर जोडीची गरज संपली. दिवसा ओळख पटावी म्हणून १८५७मध्ये बांधलेला लाकडी लाल पिरॅमिड मात्र आजही त्या मनोऱ्याशेजारी आहे. मनोरा आणि पिरॅमिड ही जोडी दिसली की विंगा, असं सूर्यप्रकाशातलं उत्तर.

अगदी उत्तरेला कोस्टेर बेटांवरही हेच. १८४८मध्ये नॉर्डकोस्टेरच्या टेकडीवर जुळे मनोरे उभारले, मग १८९१मध्ये ते काम समुद्रात पुढे असलेल्या उर्शोल्मेन बेटावर नेलं आणि तिथेही जुळेच बांधले. उर्शोल्मेन हे स्वीडनचं सर्वांत पश्चिमेकडचं दीपगृह.

शाळेबद्दल: बेटावर शिक्षक येऊन राहत किंवा मुलांना जमिनीवर नातेवाइकांकडे ठेवावं लागे. टिकून राहिलेल्या घरांतले फोटो बघितले तर मुलांचे फोटो जास्त आणि दिव्याचे कमी असतात.

---

नीलकांत_व | सोमवार, सकाळी ८:४५

या लोकांचं काम ज्याने संपवलं त्याचा उल्लेख झालाच पाहिजे: गुस्ताफ डालेन. जन्म १८६९, पश्चिम स्वीडनमधल्या स्टेनस्टॉर्प गावचा शेतकऱ्याचा मुलगा. माझ्या मते या धाग्यातला नायक तोच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिव्यांसाठी ॲसिटिलीन वायू वापरू लागले. उजेड लख्ख पांढरा, पण वायू दाबाखाली भरला की स्फोट होतो. डालेनने सच्छिद्र पदार्थ भरलेली टाकी केली. त्या छिद्रांत ॲसिटोन, आणि ॲसिटोनमध्ये विरघळलेला ॲसिटिलीन. वायूला मोकळी जागाच उरत नाही, त्यामुळे तो सुरक्षित साठवता येतो.

दुसरी गोष्ट वायूच्याच दाबावर चालणारी झडप. ती क्षणभर उघडते, दिव्याचा झोत पडतो, बंद होते. दिवा सतत जळत नसल्यामुळे वायूचा सुमारे ९० टक्के खर्च वाचतो. आणि शेवंतीताई, तुमचा प्रश्न इथेही सुटतो! झडपेची लय बदलली की दिव्याची ओळख बदलली. म्हणजे ओळख पटवणं आणि काटकसर ही दोन्ही कामं एकाच यंत्राने केली.

तिसरी सूर्यझडप, १९०७. यात एक काळी कांडी आणि तिच्याभोवती चकचकीत कांड्या. उन्हात काळी कांडी जास्त उष्णता शोषते, इतरांपेक्षा किंचित लांबते आणि त्या लांबण्याने वायू बंद होतो. अंधार पडला की ती आखडते आणि वायू सुरू. घड्याळ नाही, वीज नाही, माणूस नाही. ढग दाटून दिवसा अंधारलं तरी दिवा आपणहून लागतो. स्टॉकहोमजवळच्या फुरुहोल्मेन दीपगृहावर अशी एक झडप १९१२पासून १९८०पर्यंत काम करत होती.

१९१२च्या सप्टेंबरात टाकीची चाचणी घेताना स्फोट झाला आणि डालेनची दृष्टी गेली. त्याच वर्षी त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पारितोषिक घ्यायला त्याचा भाऊ गेला, तो नेत्रवैद्य होता. डालेन त्यानंतर १९३७पर्यंत जगला, आगा कंपनी चालवत राहिला, आणि १९२२मध्ये त्याने शोधलेली आगा शेगडी युरोपातल्या घराघरांत गेली. हजारो खलाशांना उजेड देणारा माणूस पंचवीस वर्षं अंधारात काम करत होता. मी हे वर्गात सांगतो तेव्हा मुलं एकदम गप्प होतात.

---

धुंडिराज | सोमवार, दुपारी १:२०

सगळं वाचलं, आवडलं. पण एक प्रश्न मनापासून विचारतो. आता प्रत्येक जहाजावर जीपीएस, इलेक्ट्रॉनिक चार्ट, रडार आहे. मग हे दिवे चालू ठेवण्यावर आणि मनोरे रंगवण्यावर खर्च का करायचा? इमारती जपायच्या तर वारसा म्हणून जपा, पण दिवा कशाला?

---

हर्णैकर | सोमवार, संध्याकाळी ७:५०

धुंडिराज, योग्य प्रश्न. उत्तर नुसतं आठवणींचं नाही, कामाचं आहे.

जीपीएस सांगतो ते आपण मान्य करतो, तपासत नाही. गेल्या काही वर्षांत बाल्टिकमध्ये उपग्रहांच्या सिग्नलमध्ये अडथळे येण्याच्या घटना वाढल्या आहेत. पडद्यावर जहाज भलत्याच ठिकाणी दिसतं, कधी जमिनीवर. अशा वेळी खिडकीबाहेर दिसणारा दिवा हा बाहेरून कुणालाही बिघडवता न येणारा पुरावा आहे. दोन दिव्यांची बेअरिंग घेतली की जागा सापडते, त्याला उपग्रह लागत नाही. चांगला कप्तान पडदा आणि दिवा दोन्ही बघतो आणि जुळत नसेल तर वेग कमी करतो.

दुसरं, मोठी जहाजं सोडा. बोहुसलेनमध्ये उन्हाळ्यात छोट्या होड्या आणि शिडाच्या नौका किती असतात ते ताई सांगतील. हाताने सुकाणू धरलेल्या माणसाला बेटांमधून जाताना मान खाली घालून पडद्याकडे बघणं धोक्याचं असतं.

काही दिवे मात्र खरंच बंद झाले आणि ते योग्यच होतं. पूर्वी उथळ जागी नांगर टाकून दिव्याची जहाजं उभी करत, त्यावर माणसं महिनोन् महिने राहत. १९६०च्या दशकात स्वीडनने त्यांच्या जागी काँक्रीटचे केसॉन मनोरे बसवले: किनाऱ्यावर बांधायचे, ओढत न्यायचे, ठरलेल्या जागी पाणी भरून बुडवून तळावर टेकवायचे. काटेगाटमधला फ्लाडेन आणि गोथेनबर्गसमोरचा ट्रुबादुरेन हे त्यातलेच. त्या जहाजांवरच्या माणसांची सुटका झाली याचं मला बरंच वाटतं.

---

शेवंती | सोमवार, रात्री १०:३०

धुंडिराज, तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे बंद पडलेल्या मनोऱ्यांचं काय, याचं उत्तर पाटेर नोस्टेरकडे आहे. हा माझा सर्वांत आवडता मनोरा.

मारस्ट्रांडच्या पुढे उघड्या समुद्रात हामनेशेर नावाचं खडकाचं बेट आहे. तिथलं पाणी इतकं वाईट की खलाशी तिथून जाताना ‘पाटेर नोस्टेर’ (आमच्या पित्या) ही लॅटिनमधली प्रार्थना म्हणत, त्यावरून नाव पडलं. १८६८मध्ये गुस्ताफ फॉन हाइडेनस्टाम या अभियंत्याने तिथे ३२ मीटरचा लाल लोखंडी मनोरा उभारला. (याचा मुलगा वेर्नेर कवी झाला आणि त्याला १९१६चं साहित्याचं नोबेल मिळालं.) हाइडेनस्टामची रचना अशी की मधोमध जिन्याची लोखंडी नळी आणि चहूबाजूंनी तिरपे पाय व जाळी. वारा आणि लाटा जाळीतून आरपार जातात, मनोऱ्यावर जोर येत नाही. शिवाय दगड वाहून न्यायची गरज नाही. भाग कारखान्यात ओतायचे आणि खडकावर नेऊन जोडायचे. जिथे होडी टेकवायला शांत हवेची वाट बघावी लागते तिथे हे फार मोठं सुख. शेरिंगॉन बेटापलीकडे मोसेशेरला १८६५चा असाच मनोरा आहे, आणि वेदेरोबोद बेटावर १८६७चा.

१९७७मध्ये पाटेर नोस्टेर विझला. त्याचं काम जवळच्या हाटेबेरगेट या नव्या दिव्याकडे गेलं. माणसं निघून गेली आणि लोखंडाला समुद्राच्या खाऱ्या हवेने खाल्लं. मनोरा पडेल अशी अवस्था आली. किनाऱ्यावरच्या लोकांना ते सहन झालं नाही. पैसे आणि माणसं उभी राहिली, आणि २००२मध्ये अख्खा मनोरा सोडवून जमिनीवर आणला. गंज खरवडला, खराब भाग नवे केले, रंगवला आणि २००७मध्ये पुन्हा त्याच खडकावर बसवून दिवा लावला. दीपपालांच्या घरांत आता पाहुण्यांची राहायची सोय आहे.

जहाजांना त्याची गरज उरली नव्हती, हे त्या लोकांना माहीत होतं. तरी त्यांनी पाच वर्षं ते काम केलं. वारसा जपायचा आणि दिवा विझवायचा असं तुम्ही म्हणता, पण मला वाटतं दिवा न लागणारा मनोरा ही नुसती लोखंडाची वस्तू आहे. त्यांनी तो परत पेटवला याचा मला मनापासून आदर वाटतो.

---

रमणबाग | मंगळवार, सकाळी ९:१०

पाटेर नोस्टेरबद्दल वाचून अंगावर काटा आला. आपल्याशी जोडणारी एक गोष्ट लिहितो.

गोथेनबर्गला १७३१मध्ये स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली, ती १८१३पर्यंत होती. तिची जहाजं मुख्यतः चीनमधल्या कँटनला जात, पण १७५० साली निघालेलं येथा लेयोन हे जहाज आपल्या सुरतेलाही आलं होतं. या कंपनीचं येतेबोर्ग नावाचं जहाज तीस महिन्यांची चीनची सफर करून १२ सप्टेंबर १७४५ रोजी परत आलं आणि घराच्या बंदरात शिरताना, किल्ला समोर दिसत असताना, हुन्नेबोदान खडकावर आदळून बुडालं. माणसं वाचली, चहा, रेशीम आणि चिनी मातीची भांडी पाण्यात गेली. विंगाला तेव्हा दीपगृह नव्हतं. ते जहाज दिवसाउजेडी बुडालं, त्यामुळे दिव्याने वाचलं असतं असं मी म्हणणार नाही. पण सुरत आणि कँटनपर्यंत जाऊन येणाऱ्यांना सर्वांत अवघड पाणी घराच्या दारात होतं, हे त्यावरून कळतं.

---

तनया_म | मंगळवार, दुपारी ४:००

शेवंतीताई, आम्ही जूनच्या शेवटी आईबाबांना घेऊन गोथेनबर्गला येतोय. बाबांचे गुडघे दुखतात. यातलं काय बघता येईल? आणि पेटलेलं दीपगृह बघायची आईची फार इच्छा आहे.

---

शेवंती | मंगळवार, रात्री ९:२०

तनया, आईच्या इच्छेबद्दल आधी सांगते. जूनच्या शेवटी इथे रात्र पूर्ण काळी होतच नाही. अकरापर्यंत उजेड, आणि नंतरही आभाळ निळं राहतं. दिवा लागलेला असतो, पण झोत फिरताना दिसायला हवा तसा अंधार नसतो. जमत असेल तर ऑगस्टच्या अखेरीला किंवा सप्टेंबरात या. तेव्हा कुलेनला संध्याकाळी थांबलात तर आईला मनासारखा झोत दिसेल.

बाबांसाठीही कुलेनच सर्वांत सोयीचं. मोल्ले गावातून डोंगरावर थेट दीपगृहापर्यंत गाडीचा रस्ता आहे. खाली कड्यावरून पॉरपॉइझ (डॉल्फिनसारखा छोटा सागरी प्राणी) दिसण्याची शक्यता असते, दुर्बीण आणा. कड्याच्या पायवाटा मात्र निसरड्या आहेत, बाबांना तिकडे नेऊ नका. मोरुप्स टोंगे सपाट आहे, तिथेही चालणं सोपं.

मारस्ट्रांडला गोथेनबर्गहून बस जाते, मग दोन-तीन मिनिटांची फेरी. बेटावर गाड्या नाहीत. कार्लस्टेन किल्ल्याची वाट चढाची आहे, बाबा खाली धक्क्यावर बसले तरी त्यांचा वेळ छान जाईल. स्मोगेनहून उन्हाळ्यात हॉलो बेटावर छोटी बोट जाते. तिथलं दीपगृह १८४२चं आहे आणि गुलाबी ग्रॅनाइट पाण्याने इतका घासलाय की अनवाणी चालता येतं. पण सपाट वाट नाही, त्यामुळे तुम्ही दोघं जा. कोस्टेरला स्ट्रॉमस्टाडहून वर्षभर फेरी आहे. तिथल्या समुद्राला २००९मध्ये स्वीडनचं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित केलं. नॉर्डकोस्टेरच्या टेकडीवरून दूरवर उर्शोल्मेनचे जुळे मनोरे दिसतात, स्वच्छ हवेत.

विंगाला उन्हाळ्यात गोथेनबर्गहून बोट जाते. एव्हर्ट टोबचं घर धक्क्यापासून चालत जाण्यासारखं आहे, मनोऱ्याचा जिना मात्र बाबांनी टाळावा. वारा वाढला की ती बोट रद्द होते, आणि या किनाऱ्यावर वारा कधीही वाढतो. म्हणून विंगा पहिल्याच दिवशी ठेवा, म्हणजे रद्द झाली तर पुढचे दिवस हातात राहतील. तारखा नक्की झाल्या की मला व्यक्तिगत निरोप पाठव, बोटीचं वेळापत्रक बघून कळवते.